बाया कोठल्या व्हत्यात?

तुम्ही ओसरीवर कोसळलात आणि मी खांबाला विचारलं, “इचार रे त्यास्ले, काय व्हई ऱ्हायनं?”

खांब काय सांगणार? चहाची बशी फुटून तुकडे पायरीपर्यंत गेले होते. तुम्ही कुशीवर पडला होता, एक पाय खाटेच्या दोरीत अडकलेला. मी भाकर थापत होते ती तशीच उठून दारात आले. पदर पुढे ओढला आणि पुन्हा खांबालाच म्हणाले, “सांग त्यास्ले, उठा म्हनीसन.”

तांब्याभर पाणी भरायला लागतो तेवढा वेळ मी दारात उभी राहिले. नंतर डॉक्टर म्हणाले, तेवढ्याने काही फरक पडला नसता. मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल. मला बरं वाटण्यासाठी मी हे लिहीत नाही. उभी राहिले होते, म्हणून लिहिते.

मग उंबरा ओलांडला. पिठाच्या हातांनी तुमचं डोकं उचलून मांडीवर घेतलं. पदर मागे पडला तो वर घेतला नाही. म्हणाले, “गुरुजी, डोया उघाडा. मी शे.”

तुम्ही एक डोळा उघडलात. दुसरा उघडत नव्हता. तोंड एका बाजूला गेलं होतं, पण शब्द नीट आला.

“आते बोलनी?”

आता बोललीस, असं विचारून हसलात. अर्ध्याच तोंडाने, पण हसलात.

तुमची मंगल म्हणते, “काकी, आबांची वही छापायची आहे. तिच्या पुढे चार पानं तू लिही.” मी म्हटलं, मी चौथी पास, तू पुण्याच्या कॉलेजात शिकवतेस, तू लिही. ती म्हणाली, आबांशी भांडण तुझं होतं, माझं नव्हतं. हे तिचं बरोबर आहे. तुमचा जन्म, नोकरी, बदल्या हे ती मागच्या पानावर देणार आहे. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला तुमच्याशी बोलायचं आहे. आजवर ते जमलं नाही.

वही उघडणाऱ्याला कळावं म्हणून एकदा सांगून टाकते. तुम्ही माझे जेठ, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने जेठासमोर तोंड उघडायचं नाही. समोरून गेलात तर पदर तोंडावर, बोलायचं असेल तर मधल्या माणसाकरवी. तुम्हीही माझं नाव घ्यायचं नाही. सगळं गाव तुम्हाला गुरुजी म्हणायचं. मला तेही म्हणता येत नव्हतं. तुम्ही ओसरीवर यायच्या आधी खाकरायचात, म्हणजे आम्ही बाया सावरून बसायचो. पाणी हवं असलं की पेला फरशीवर दोनदा वाजवायचात. पन्नासावर वर्षं असं चाललं आणि खरं सांगायचं तर चांगलं चाललं.

घर भरलेलं होतं तेव्हा मधल्या माणसांना तोटा नव्हता. माझ्या जाऊबाई होत्या, माझा नवरा होता, लहानगी मंगल होती. मग जाऊबाई गेल्या, पाठोपाठ माझा नवरा गेला. मंगल पुण्यात, माझा मुलगा सुरतेला. घरात राहिलो तुम्ही, मी आणि ओसरीचा सागवानी खांब. स्लॅब टाकताना तो काढायचा होता. लाकूड चांगलं म्हणून ठेवला. तुम्ही ओसरीवरून त्याला विचारायचात, मी आतून त्याला उत्तर द्यायचे. धानोऱ्याच्या बाजारात बाया मला अडवून विचारायच्या, “काय म्हने आज तुमना खांब?”

माझा मुलगा चिडायचा. “माय, आते कोन देखस तुले? सरळ बोल ना.” मी त्याला म्हटलं, तुला कळत नाही त्यात बोलू नको. कळत मलाही नव्हतं. पण ज्याच्यासमोर जन्मभर पदर घेतला त्याच्यासमोर म्हातारपणी तो काढायचा म्हणजे आधीची सगळी वर्षं फुकट घेतला असं होतं. ते मला मान्य नव्हतं.

मी विसरवाडीकडची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा माझं बोलणं ऐकून सगळं घर हसलं होतं. आमच्याकडे शेजारी डोंगरातली माणसं, बाजारात गुजराती, शाळेत मराठी, आणि घरात आमची अहिराणी, या सगळ्यांच्या हाताखालून गेलेली. इकडची अहिराणी वेगळी. चार शब्द बोलले की एक चुकायचा. तुम्ही तेव्हा तरुण मास्तर, नुकतेच ट्रेनिंग करून आलेले. तुम्ही जाऊबाईंना म्हणालात, आणि मला ऐकू जाईल असं म्हणालात, “तिला सांग, घरात बोलायचं ते बोल, पण पोरांसमोर शुद्ध बोलत जा. गावंढळ बोलून पोरं पुढे जात नाहीत.”

मी जाऊबाईंना म्हटलं, “त्यास्ले इचारा, तुम्हनी माय काय बोलस?” जाऊबाईंनी ते काही तुम्हाला सांगितलं नाही. शहाण्या होत्या.

आपलं पहिलं खरं भांडण पाटीवरून झालं. तुमच्या वर्गात अहिराणीत बोलेल त्याच्या गळ्यात पाटी. पाटीवर तुमच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘मी अशुद्ध बोललो.’ दुसरा कोणी बोलला की पाटी त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना जो पाटीवाला असेल तो ती घरी घेऊन जाणार. पोरं एकमेकांना चिमटे काढायची, म्हणजे तोंडातून ‘ओ माय’ निघावं आणि पाटी टळावी. एक दिवस मंगल घरी आली तर पाटी तिच्या गळ्यात. दुसरीत होती ती. मधल्या सुट्टीत पाणी मागताना ‘माले पानी दे’ म्हणाली होती. तुम्ही स्वतःच्या मुलीलाही सोडलं नाही. त्याचं गावात कौतुक झालं.

मी पाटी तिच्या गळ्यातून काढली, पुसली, धुतली आणि दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली. मंगलला म्हटलं, जा, तुझ्या बापाला सांग, पाटी दुधावर आहे, हवी असली तर येऊन घेऊन जा. तुम्ही चुलीपाशी येऊ शकत नव्हता, मी तिथे असताना तर नाहीच. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात नवीन पाटी नेलीत की नाही हे मला माहीत नाही. माझ्याकडची मात्र पुढे कितीतरी वर्षं परत मागितली नाहीत. तिच्याखाली आजवर मांजराने दूध सांडलेलं नाही.

वही कशी सुरू झाली ते मंगललाही माहीत नाही. जाऊबाईंना जाऊन महिनाही झाला नव्हता. मी भाकर तव्यावरून काढली. माझा नवरा शेतात होता, तुम्ही बाहेर एकटेच बसला होता. भाकर फुगली की पहिली वाफ निघते, तिला जाऊबाई एक शब्द म्हणायच्या. त्यांच्या माहेरचा असावा, मी दुसऱ्या कोणाच्या तोंडी ऐकला नाही. तुम्ही खांबाला विचारलंत, “ती त्याले काय म्हने रे?” आवाज बरा नव्हता. तुम्हाला तो शब्द आठवत नव्हता. मला आठवत होता.

मी तीन दिवस सांगितला नाही. मनात म्हटलं, मास्तर, आयुष्यभर शब्द पुसत आलात, आता एक हरवला तर बसा शोधत. चौथ्या दिवशी तुम्ही जेवणावरून उठलात, भाकर न खाता. मग सांगितला. तुम्ही मंगलच्या जुन्या वहीत तो लिहून ठेवलात. इथे तो मी लिहीत नाही. पुढे वहीत आहे, पान उलटून बघा.

त्या दिवसापासून तुम्हाला नाद लागला. शब्द, तो कोणी सांगितला, कोणत्या कामात वापरतात. आखीव रकाने, मास्तरी अक्षर. कुंभारणीचं नाव, धनगराचं नाव, नदीपलीकडच्या म्हाताऱ्याचं नाव, सगळ्यांची नावं लिहायचात. माझ्याकडून आलेल्या शब्दापुढे लिहायचात, ‘घरातून’. मला हे कळलं तेव्हा रागच आला. कुंभारणीला नाव आहे, मला नाही? मग विचार केला, त्यांनी तरी काय करावं. आणि अर्धी वही ‘घरातून’ भरली तेव्हा राग गेला.

आखाजीची गाणी तुम्हाला हवी होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात आणि नाल्याच्या या काठच्या बाया त्या काठच्या बायांना गाण्यातून शिव्या देतात. ज्याची लाज वाटावी असं काही त्या दिवशी उरत नाही. जुने शब्द सगळे तिथे. पण गुरुजी वही घेऊन नाल्यावर आले की बाया गप्प. एकीने तर तुम्हाला हरिपाठ म्हणून दाखवला. तुम्ही घरी येऊन खांबाला म्हणालात, “आखाजीले हरिपाठ! जलमभर शाळाम्हा मारं, त्यानी परतफेड शे हाई.”

मग मी दार लावून घेतलं. आतून गायला लागले, तुम्ही बाहेर लिहायला बसलात. त्या गाण्यांत सासू, नणंद, जेठ सगळ्यांना घ्यायचं असतं. जेठाची पाळी आली. मी जरा थांबले. तुम्ही बाहेरून खाकरलात, म्हणजे म्हण. मग काय, मी जागच्या जागी जुळवून म्हटलं:

“मना जेठ मोठा, हातम्हा त्याना सोटा,
शाळाम्हा गरजस, घरम्हा मुका गोटा.”

बाहेर लिहिणं थांबलं. मला वाटलं, जास्त झालं. मग तुमचा आवाज आला, “खांबा, सांग तिले, सोटा बठ्ठासले लागना नही, काही जन वाचनात.” सोटा सगळ्यांना लागला नाही, काही वाचले, हे तुम्ही हसत म्हणालात. जेठाला तोंडावर शिव्या द्यायला मला तेवढी एकच सवलत होती. पुढे दर आखाजीला मी ती पुरेपूर घेतली.

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर मात्र मीच गेले. शहराबाहेर मैदानभर लाल मिरची वाळत घातलेली असते आणि शेकडो बाया देठं खुडत बसतात. तिथे सगळीकडच्या बाया येतात. सपाटीवरच्या, तापीकाठच्या, सातपुड्यातून कामाला उतरलेल्या. तुम्ही एकदा गेला होतात, शिंका देत परत आलात, वहीत एकही शब्द नाही. मी तोंडाला फडकं बांधून त्यांच्यात बसले, देठं खुडली. चार दिवस खुडली. वही नव्हती, सगळं डोक्यात ठेवून आणलं.

तिथे मी एक पाहिलं. म्हाताऱ्या बाईला आम्ही डोकरी म्हणतो. तुमच्या वहीत त्यापुढे लिहिलेलं होतं, गुजरातीवरून आलेला. पथारीवर डोंगरातल्या दोन बाया होत्या, त्यांना मराठी धड येत नव्हती, गुजराती तर नाहीच. त्याही मला डोकरी म्हणाल्या. “ए डोकरी, सरक जराशी.” मी घरी येऊन खांबाला सांगितलं, “त्यास्ले सांग, गुजरातीवरून आलं म्हनीसन लिवेल शे ते खोडा. कोनी कोनाकडथून लिधं ते कोनले माहीत?” तुम्ही खोडलं नाहीत. पण पुढे प्रश्नचिन्ह काढलंत. मास्तराने प्रश्नचिन्ह काढणं काही लहान गोष्ट नाही.

वहीचं पहिलं पान तुम्ही कोरं ठेवलं होतं. वर फक्त मथळा, ‘उगम’. आमची भाषा कुठून आली ते तुम्ही तिथे लिहिणार होता. तुमचं ठरलेलं होतं. गाई घेऊन अहिर आले, वायव्येकडून आले, तापीच्या खोऱ्यात थांबले, त्यांची भाषा ती अहिराणी. गुजराती म्हणतात आमची पोटभाषा, मराठी म्हणतात आमची बोली, आणि ऑफिसातले साहेब म्हणतात, म्हातारी, नीट बोल. तुम्हाला तिला एक बाप मिळवून द्यायचा होता. खानदानी, नाव असलेला. मला ते तेव्हाही पटत नव्हतं, पण का पटत नाही हे सांगता येत नव्हतं.

मग मंगल सुट्टीत आली आणि तिने छापलेले कागद आणले. म्हणाली, “आबा, चीनमधल्या एका भाषेबद्दल आहे, मी मराठीत करून आणलंय. वाचा, तुम्हाला आवडेल.” ती गेल्यावर तुम्ही दुपारचे खाटेवर बसलात आणि मोठ्याने सुरुवात केलीत, “ऐक रे खांबा.” तुमचा वाचनाचा आवाज शेवटपर्यंत वर्गातलाच राहिला.

त्या भाषेचं नाव मिन्नान. चीनच्या दक्षिणेला समुद्राला लागून डोंगराळ मुलूख, तिथली. उत्तरेच्या मैदानात लढाया झाल्या की माणसं घरदार सोडून खाली यायची. एकदा नाही, शेकडो वर्षं पुन्हा पुन्हा. आधी आलेल्यांचं बोलणं रुजलं, मागून आलेल्यांचं त्याच्यावर बसलं, म्हणून त्या भाषेत थरावर थर आहेत. राजधानीत बोलणं बदलत गेलं, या लोकांनी डोंगराआड जुने उच्चार धरून ठेवले. एकच अक्षर ग्रंथ वाचताना एका तऱ्हेने म्हणायचं आणि घरात दुसऱ्या तऱ्हेने. पुढे होड्यांत बसून ती तैवान नावाच्या बेटावर गेली, सिंगापूरपर्यंत गेली. एवढं सगळं असून राजधानीचे लोक तिला भाषा म्हणायला तयार नव्हते.

“हाई ते आपलंच शे!” तुम्ही खाटेवर हात आपटलात. “देख रे खांबा, आपलंच शे!”

मी तांदूळ निवडत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, “खांबा, इचार त्यास्ले. लढायासम्हाईन उनात ते मानसं. बाया कोठल्या व्हत्यात?”

तुम्ही कागद चाळलात. “कागदवर नही.”

“कागदवर नही म्हनीसन आभायमाईन पडन्यात का? पोरं कोनी वाढावात? पोरगं पहिला शब्द कोनाकडथून शिकस?”

पुढचं पान वाचायला घेतलंत. त्यावर होतं की त्या बेटावर पुढे सरकारने शाळेत राजधानीची भाषा सक्तीची केली, आणि जो मुलगा घरची भाषा बोलेल त्याच्या गळ्यात पाटी अडकवत. दुसरा कोणी बोलला की पाटी त्याच्या गळ्यात.

तिथे तुमचा आवाज बंद झाला.

मी निवडायची थांबले. मग तुम्ही म्हणालात, “खांबा, ती पाटी कोठे शे, इचार.”

“दूधवर शे, सांग.”

तुम्ही त्या दिवशी चहा मागितला नाहीत. मीही पाठवला नाही. असं काही कळल्यावर माणसाला थोडा वेळ एकटं सोडावं.

माझा प्रश्न तुम्ही मंगलला फोनवर विचारलात, फोनचा आवाज मोठा होता, मी ऐकत होते. ती म्हणाली, आबा, मोठमोठे अभ्यासक यावरच भांडतात. उत्तरेतून माणसं येण्याआधी त्या किनाऱ्यावर वेगळे लोक राहत होते. मिन्नानमधले काही घरगुती शब्द त्यांचे असावेत असं काही जण म्हणतात. बेटावर तर गेले ते बरेचसे पुरुषच, बायका तिथल्या केल्या. सगळ्यांना हे मान्य नाही. पण प्रश्न चांगला आहे, तुम्हाला कसा सुचला? तुम्ही म्हणालात, “घरातून.”

मला त्याचा आनंद झाला. झाला तर झाला, लपवून काय करू?

त्या वर्षी झेंडावंदनाला शाळेने तुम्हाला बोलावलं. आदल्या दिवशी तुम्ही पाटी मागितलीत. मी दुधावरून काढली, चिंच लावून घासली आणि उंबऱ्यावर ठेवली. सकाळी मी शाळेत मागच्या बायांत बसले होते. तुम्ही उभे राहिलात, पांढरा सदरा, टोपी. सगळ्यांना वाटलं आता देशाबद्दल बोलणार. तुम्ही पिशवीतून पाटी काढलीत. तिच्यावर खडूने तेच लिहिलेलं होतं, ‘मी अशुद्ध बोललो.’ ती स्वतःच्या गळ्यात अडकवलीत आणि अहिराणीत बोलायला लागलात. पोरांना हसू आलं, मग हसू थांबलं. तुम्ही म्हणालात, “हाई पाटी मी तुम्हना बापसना गयाम्हा टाकेल व्हती. मन्ही चूक व्हती. तुम्हनी मायनं बोलनं अशुद्ध नव्हतं. मन्हं शिकाडनं अशुद्ध व्हतं.”

आणि मग तुमचा जुना विद्यार्थी, तो पाटलांचा भीमराव, स्वतः आजोबा झालेला, पुढे आला. म्हणाला, “गुरुजी, नियम ध्यानम्हा शे ना? मी बी बोलनू. पाटी आते मन्ही.” त्याने पाटी तुमच्या गळ्यातून काढून आपल्या गळ्यात घातली. त्याच्या मागून दुसरा उठला. “सरक भीम्या, मी बी बोलनू.” मग तिसरा. पांढऱ्या मिशांचे बाप्ये पाटीसाठी रांग लावून उभे राहिले. एक तर चार वेळा फिरून आला. सरपंचांचा वेळ गेला, लाडू वाटायला उशीर झाला, कोणी बोललं नाही.

त्या दिवशी मला तुमचा जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या नवऱ्याचा कधी वाटला नाही, आणि तो चांगला माणूस होता. घरी आल्यावर मी खांबाला एवढंच म्हटलं, “सांग त्यास्ले, पाटी धोईसन द्या. दूध उघाडं शे.”

उगमाचं भांडण मात्र मिटलं नाही. तुम्ही म्हणायचात, सुनांनी दोन-दोन शब्द आणले म्हणून भाषा होत नसते. तिला सांगाडा लागतो, आणि सांगाडा अहिरांचा. मी म्हणायचे, सांगाड्याला कोणी जेवू घालतं का? तुम्ही म्हणायचात, पुरावा काय? मी म्हणायचे, मी. विसरवाडीहून मी आणलेले, तुम्ही हसलात ते शब्द आज तुमच्या नातवंडांच्या तोंडी आहेत. तुमच्या आईने तिच्या माहेरचे आणले, जाऊबाईंनी त्यांच्या. हे मागे नेत जा, अहिरांच्या गाईंपर्यंत. तुम्ही म्हणायचात, हे तर्काचं झालं, लिहायला आधार पाहिजे. तुमचं सगळंच चुकीचं नव्हतं. हे मी तुम्ही असताना मान्य केलं नाही, आता करते. पण माझंही चूक नाही.

जायच्या आदल्या दुपारी तुम्ही खुशीत होता. खांबाला म्हणालात, “सांग घरम्हा, सकाय पहिलं पान वाचसू.” मी विचारलं, “अहिर का बाया?” तुम्ही म्हणालात, “सकाय.” वही उशाखाली ठेवलीत. सकाळी चहा घेतलात, वही काढायला वाकलात आणि पडलात.

मांडीवर डोकं असताना, ते ‘आते बोलनी’ झाल्यावर, तुम्ही आणखी एक शब्द बोललात. “पान.” मी म्हटलं, पानाचं राहू द्या, पाणी घ्या. पाणी आत गेलं नाही. शेजारचे धावत आले, जीप आणायला गेले. लोक ओसरीवर जमले तरी मी तुमचा हात सोडला नाही आणि पदरही घेतला नाही. सगळ्या गावाने पाहिलं. एक म्हातारी कुजबुजलीसुद्धा. बघू दे. मधलं माणूस नव्हतं, मी काय करू?

तेरावं झाल्यावर मंगलने वही उघडली. ‘उगम’च्या खाली एकच ओळ होती, तुमच्या चांगल्या अक्षरात, सावकाश लिहिलेली: ‘बाया कोठल्या व्हत्यात?’ आणि शेवटच्या रकान्यात, कोणी सांगितलं तिथे: ‘घरातून.’

बाकी पान कोरं. तुम्ही माझं उत्तर घेतलं नाहीत, प्रश्न घेतलात. मास्तर ते मास्तरच राहिलात. मंगल रडली. मी म्हटलं, रडू नको, त्यांनी लिहायला जागा ठेवली आहे, ज्याला माहीत असेल तो लिहील.

तिने विचारलं, “काकी, ‘घरातून’ काढून तुझं नाव घालू का?” मी म्हटलं, बाकी सगळीकडे तसंच राहू दे, त्यांनी लिहिलंय ते त्यांनी लिहिलंय. पहिल्या पानावर तेवढं घाल. त्यांना घेता येत नव्हतं, तुला येतं.

पाटी दुधावर आहे. खांबाशी आता मी बोलत नाही. बोलायला काही कारण नाही.

त्या सकाळी घरात दोनच माणसं होती, गुरुजी. तुम्ही दहा वाजायच्या आत गेलात. मागे राहिली ती मी, अनसूया, तुमच्या धाकट्या भावाची बायको, विसरवाडीकडची.